गाडी रात्री कुठे उभी राहते?

इलेक्ट्रिक गाडी घेतली की सोसायटीचा वॉचमन, सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला आणि लग्नात भेटलेले चुलतसासरे असे सगळे एकच प्रश्न विचारतात : ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ प्रश्न चुकीचा नाही. पण महत्त्वाच्या क्रमाने मांडायचं तर तो चौथा किंवा पाचवा. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथे पंधरा अँपिअरचा सॉकेट लावता येतो का, हा पहिला. तो विचारणारा माणूस अजून भेटायचाय.

तरी आधी ‘किती जाते’चा निकाल लावू. जाहिरातीतला आकडा प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात आली तेव्हा तिची बॅटरी होती ३०.२ युनिटची आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. लोकांना मिळाले दोनशेच्या आसपास. यात कुणी फसवलं असं नाही. चाचणी रोलरवर होते, वेग ताशी ९०च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. पेट्रोलच्या गाडीचंही पुस्तकातलं ॲव्हरेज रस्त्यावर कुणाला मिळालंय? फक्त पंप जागोजागी असल्याने तो हिशेब कुणी मांडत बसत नाही.

इथे मांडावा लागतो, कारण मुळात शिदोरी लहान. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ३० युनिटची बॅटरी म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोल! तेवढ्यावर गाडी दोनशे किलोमीटर जाते, कारण पेट्रोलचं इंजिन सत्तर टक्क्यांहून जास्त ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटर फार थोडी. पण म्हणूनच टायरमधली कमी हवा, समोरचा वारा, टपावरचं सामान हे सगळं लगेच पडद्यावर दिसतं. सगळ्यात जास्त दिसतो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समृद्धीवर १२०ची मर्यादा आहे म्हणून १२०ने निघालात, तर पल्ला डोळ्यांदेखत आटतो. ९०-९५ने गेलात तर बरेचदा एक चार्जिंगचा थांबा वाचतो आणि पोचायची वेळ जवळपास तीच राहते. हे घरच्या मंडळींना पटवणं मात्र अवघड. शेजारून ट्रॅव्हल्सच्या बसेस जात असतात.

आता पहिला प्रश्न. रोजचं पुण्यातलं येणं-जाणं चाळीस किलोमीटर धरलं, तर भिंतीतून सात युनिट वीज लागते. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तेवढी दोन-तीन तासांत भरते. गीझरला असतो तोच सॉकेट. भिंतीवर लावायचा साडेसात किलोवॉटचा डबा बहुतेकांना लागतच नाही. गाडी रात्रभर उभीच असते, तिला घाई कसली? जेवढं तंत्रज्ञान आहे ते एवढंच. बाकी सगळं राजकारण.

मीटर असतो मीटररूममध्ये, पार्किंग असतं इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आणि मधली जागा असते सोसायटीची. केबल कुणाच्या भिंतीवरून जाणार, कुणाच्या गाडीच्या डोक्यावरून जाणार, यावर कार्यकारिणीच्या दोन-तीन सभा सहज होतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, नवी स्वतंत्र जोडणीही मागता येते. पण सोसायटीचं ना-हरकत पत्र म्हणजे वेगळाच घाट. ‘काका, वीज माझ्या मीटरची, केबलचा खर्च माझा, मग अडचण काय?’ असं विचारलं की सेक्रेटरी काका चष्मा पुसत म्हणतात, ‘अडचण काहीच नाही हो, पण उद्या सगळ्यांनीच मागितलं तर?’ गंमत म्हणजे खरा मुद्दा तोच आहे. त्याकडे शेवटी येऊ.

सभेत आगीचा विषय निघतोच, निघायलाही हवा. जून २०२२ मध्ये वसईत एक इलेक्ट्रिक मोटार पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण पार्किंगमध्ये रोज सांभाळायची जागा बॅटरी नव्हे, प्लग आहे. घरातल्या सॉकेटवर एवढा भार सलग पाच-सहा तास कधी पडलेला नसतो. सैल पिना, बारीक वायर, वरच्या मजल्यावरून लोंबत सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड – तिथे उष्णता साठते, प्लास्टिक वितळतं. चांगल्या कंपनीचा औद्योगिक सॉकेट, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी एवढं वायरमनकडून करून घ्या आणि अधूनमधून प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

दुसरं अर्थिंग. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते पसंत पडलं नाही तर चार्जिंग सुरूच करत नाही. गणपतीला कोकणात गेलेल्या पुष्कळ गाडीवाल्यांना हा अनुभव आहे. घर जुनं, तीन पिनांच्या सॉकेटातली तिसरी पिन नुसती शोभेची. पंखे, मिक्सर, फ्रीज वर्षानुवर्षं चाललेत. आणि ही शहाणी गाडी लाल दिवा लावून बसते. मग गावचा वायरमन येतो, परसात खड्डा घेतो, मीठ-कोळसा घालून पट्टी पुरतो आणि वर बादलीभर पाणी ओततो. गाडी चार्ज होते, शिवाय त्या घराला पहिल्यांदा खरं अर्थिंग मिळतं. भाद्रपदात वीज जाते, हा भाग वेगळा.

खर्चाचं गणित अगदी सरळ. घरच्या विजेला युनिटमागे दहा-बारा रुपये धरले तरी किलोमीटर दोन रुपयांच्या आतबाहेर पडतो. पेट्रोल शंभरीपार असताना शहरातल्या छोट्या गाडीला सात. मात्र महिन्याचे दोनशे युनिट वाढले की महावितरणचा वरचा टप्पा लागतो, म्हणून वेगळी जोडणी घेणं शहाणपणाचं. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला विसाच्या आसपास दर, वर १८ टक्के जीएसटी. गाडी घेताना ५ टक्के जीएसटी आणि तिच्यात भरायच्या विजेवर १८, हा तर्क समजून घ्यायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. अटल सेतूवरचा टोल मात्र इलेक्ट्रिक गाड्यांना २२ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाला.

घाटाची भीती अनेकांना असते, तिचाही हिशेब करता येतो. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटरची चढण. माणसं-सामानासकट सतराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला अडीच युनिट लागतात, म्हणजे छोट्या बॅटरीचे आठेक टक्के. उतरताना पाय उचलला की मोटरच जनित्र होते, गाडी रोखली जाते आणि त्यातली काही वीज परत येते. खोपोलीला लोणावळ्यापेक्षा एक-दोन टक्के जास्त दिसले की नवखा माणूस हरखतो. पण एक खोच आहे. पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर लावून शंभर टक्के केलीत आणि सकाळी पसरणी घाट उतरू लागलात, तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मोटरची रोख मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर. डोंगरावर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीला थांबवावी. सपाटीवर परत आल्यावर आपल्या बॅटरीचा प्रकार पाहावा : एलएफपी असेल तर मधूनमधून शंभर करायला कंपन्याच सांगतात, कारण त्याशिवाय तिचे टक्के नीट मोजता येत नाहीत.

‘ट्रॅफिकमध्ये अडकलात तर?’ ही शंका तर पूर्ण उलटी. उभी गाडी फक्त एसीपुरती वीज खाते, तासाला एक-दीड युनिट. लाँग वीकेंडला बोरघाटात तीन तास अडकलं तरी तीन ते साडेचार युनिट जातात. खरी अडचण चार्जरवर येते. चार्जर नकाशात दिसतो, तिथे पोचल्यावर बंद असतो. चालू असला तर दुसऱ्याच कंपनीचा असतो, म्हणजे नवं ॲप, नवा ओटीपी, नवं पाकीट. अर्धा डझन ॲपमध्ये सत्तर-ऐंशी रुपये अडकून पडलेत, हे या जमातीचं सामायिक दुःख. ६० किलोवॉटच्या पाटीखाली दोन गन असतात, दुसऱ्याने लावली की वीज वाटली जाते. आणि ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, कारण भरत आलेल्या बॅटरीत वीज जोराने ढकलली तर तिला इजा होते. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी रांग अडवून मिसळ खात बसणारा माणूस चार्जरवर फार लवकर अप्रिय होतो.

किरकोळ पण ठाऊक असावी अशी गोष्ट : या गाडीतही जुनी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती मेली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. आणि पेठांतल्या बोळांत हळू चालवा, मागून आलेली गाडी कुणाला ऐकू येत नाही.

पर्यावरणाबद्दल थोडक्यात. देशातली तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज कोळशाची आहे. पुण्यातला धूर काही प्रमाणात चंद्रपूर-कोराडीला जातो, असं म्हणणाऱ्याला खोडता येत नाही. एकूण हिशेबात मोटर काटकसरी असल्याने आयुष्यभराचा कार्बन तरीही कमी भरतो. महावितरणने टीओडी (वेळेनुसार दर मोजणाऱ्या) मीटरच्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेवर सवलत दिली आहे, कारण सूर्याची वीज दिवसा असते. गाडी तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते. तिथे सॉकेट नसतो.

सगळं पुन्हा पार्किंगपाशी येतं. एसटीचंच बघा. १९४८ साली १ जूनला पहिली एसटी ज्या पुणे-नगर रस्त्यावर धावली, त्याच रस्त्यावर १ जून २०२२ ला ‘शिवाई’ ही तिची इलेक्ट्रिक बस धावली. अंतर ठरलेलं, रात्रीचा मुक्काम डेपोत ठरलेला. असं ज्यांचं ठरलेलं असतं त्यांना ही गाडी लाभते. सदाशिव पेठेतल्या वाड्यात किंवा गिरगावच्या चाळीत राहणाऱ्याची मोटार जिथे जागा मिळेल तिथे, रस्त्यावर झोपते. त्याने केवळ फास्ट चार्जरच्या भरवशावर घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. स्कूटरवाल्यांनी बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर नेण्याची सोय करून घेतली. मोटारीची काही क्विंटलची बॅटरी जिन्यातून कोण नेणार?

आणि सेक्रेटरी काकांचा प्रश्न. एका गाडीला तीन किलोवॉट, दहा गाड्यांना तीस. सगळे रात्री नऊला घरी येऊन प्लग लावणार, तेव्हाच लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालू. जुन्या इमारतीची मंजूर जोडणी आणि केबल तेवढं पेलेलच असं नाही. उपाय आहेत : भार वाढवून घेणे, किंवा गाड्यांना आळीपाळीने वीज देणारी यंत्रणा बसवणे, जी रात्री दोनपर्यंत सगळ्यांचं पोट भरते. त्यासाठी प्रत्येकाने स्वतःची केबल ओढण्याऐवजी सोसायटीने एकदाच, सगळ्यांसाठी ओढावी लागेल आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी पैसे का द्यावेत, याचं उत्तरही शोधावं लागेल. आमच्याकडे हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आहे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या खाली.