नेतृत्वाची तालीम (भाग ६) : साहेबांना सांगणार कोण?

मागच्या आठवड्यात आपण जोहारी खिडकी पाहिली. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या या आराखड्यात चार चौकोन आहेत. त्यांतल्या एकाकडे आज नीट पाहू : आपल्याबद्दल इतरांना ठाऊक असलेलं, पण आपल्याला न दिसणारं.

पद वाढतं तसा हा चौकोन पसरत जातो. कारकुनाची चूक हेडक्लार्क तोंडावर दाखवतो. साहेबांची चूक दाखवून कुणाचंच भलं होत नाही. मीटिंगमध्ये माना डोलतात आणि खरं मत टपरीवर चहा पिताना बाहेर पडतं. वरिष्ठांना सुधारायला मदत करणाऱ्या एक्झिक्युटिव्ह कोचचं पहिलं काम ते मत, बोलणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून, साहेबांपर्यंत पोचवण्याचं.

अनुभव आला की आपल्या उणिवा आपल्यालाच कळू लागतात, असं आपण धरून चालतो. अतुल गावंडे यांचा अनुभव वेगळा होता. वडिलांकडून यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी नातं असलेले हे बोस्टनचे नामवंत शल्यविशारद. आठेक वर्षं स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया केल्यावर आपली प्रगती थांबली आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नुसतं उभं राहून पाहायला बोलावलं. थायरॉइडची ती शस्त्रक्रिया गावंडे यांच्या मते उत्तम झाली होती. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बारीकसारीक नोंदी होत्या. अधूनमधून कोपर खांद्यापर्यंत वर जात होतं, त्यामुळे हातावरचा ताबा सुटायचा. कापडं अशी लावली होती की समोरच्या सहायकाला काम करायला जागाच उरत नव्हती. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, आणि जवळपास अर्धा तास सर्जनला त्याचा पत्ताच नव्हता. गावंडे यांनी २०११ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये हे सारं लिहिलं. यातली एकही गोष्ट ज्ञानाच्या अभावाची नव्हती. ती स्वतःला दिसणंच शक्य नव्हतं.

ऑफिसात कोपर दिसत नाही, सवयी दिसतात. म्हणून कोच ‘थ्री-सिक्स्टी’ पद्धतीने वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांशी बोलतो. काही कोच मीटिंगमध्ये मागे बसून निरीक्षणही करतात. मार्शल गोल्डस्मिथ हे या व्यवसायातलं मोठं नाव. हुशार वरिष्ठांची एक खोड ते हमखास दाखवतात : कुणी कल्पना मांडली की तिच्यात आपली भर घालायचीच. ‘छान आहे, फक्त असं करा.’ कल्पना कदाचित थोडी सुधारते. पण ती आता साहेबांची होते आणि मांडणाऱ्याचा उत्साह ओसरतो.

खोड कळली म्हणजे ती गेली, असं मात्र नाही. गोल्डस्मिथ आणि हॉवर्ड मॉर्गन यांनी आठ कंपन्यांमधल्या ८६ हजारांहून अधिक जणांची मतं तपासून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या वरिष्ठांनी ‘मी अमुक सुधारायचं ठरवलंय’ असं सहकाऱ्यांना सांगितलं आणि ‘जमतंय का?’ असं नियमितपणे विचारत राहिले, ते सहकाऱ्यांच्या नजरेत ठळकपणे सुधारले. ज्यांनी पुन्हा विचारलंच नाही, त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. सुधारणा झाली की नाही, हे सुधारणाऱ्याने ठरवायचं नसतं. गोल्डस्मिथ यांची फीसुद्धा याच तत्त्वावर : वर्ष-दीड वर्षानंतर सहकारी ‘हो, बदलले’ म्हणाले तरच पैसे.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. एकच सवय निवडा आणि ती तीन सहकाऱ्यांना सांगा. त्यांतला एक तरी हाताखालचा असावा. मागे काय चुकलं हे विचारू नका. पुढच्या महिन्यासाठी दोन सूचना मागा. उत्तर मिळालं की खुलासा करायचा नाही, बाजू मांडायची नाही. ‘धन्यवाद’ म्हणून लिहून घ्यायचं. आणि महिन्याभराने त्याच तिघांना पुन्हा विचारायचं.

(पुढील भागात : फी कंपनी देते, गुपितं साहेब सांगतात, मग कोच बांधील कुणाला?)