गुणांची बेरीज आणि चित्राचा निवाडा

मंडळी, मागच्या खेपेला आपण अभिरुचीबद्दल बोलत होतो आणि शेवटी एक प्रश्न तसाच टांगून ठेवला होता. ज्याची त्याची आवड वेगळी असेल, तर बक्षीस कशाच्या जोरावर द्यायचं? आज त्याला एका लहानशा जागी गाठू या. तालुक्याच्या गावातलं जलरंगचित्रांचं प्रदर्शन. वाचनालयाचा हॉल, भिंतींवर साठेक चित्रं, तीन परीक्षक, एक ढाल, काही प्रमाणपत्रं आणि प्रायोजकाच्या नावाचा भला मोठा फलक. चित्रविषय ओळखीचे: वाईचा घाट, कोकणातल्या होड्या, फेटेवाल्या म्हाताऱ्याचं व्यक्तिचित्र. जागा लहान असली तरी प्रश्न तोच आहे. उलट इथे त्याची धग जास्त लागते, कारण ज्याला बक्षीस मिळालं नाही तो दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात समोर येतो.

परीक्षकांच्या हातात बहुधा एक तक्ता दिलेला असतो. रचना २५, रंगसंगती २५, तंत्र २५, एकूण परिणाम २५. तिघांनी आपापले गुण भरायचे, संयोजकांनी बेरीज करायची, जो वर आला तो पहिला. यात कुणाची मनमानी नाही, असं आपल्याला वाटतं. पण जरा थांबून बघा. रचना आणि रंग यांना वेगवेगळे गुण देता येतात का? मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली, ती घटकांमधल्या संबंधांविषयी होती. घाटाच्या पायरीवरचा एक तांबडा ठिपका चांगला की वाईट हे त्या ठिपक्याकडे बघून कळत नाही. बाकीचं चित्र करड्या-निळ्यात आहे म्हणून तो बोलतो. मग त्याचे गुण रचनेत धरायचे की रंगसंगतीत? प्रत्यक्षात परीक्षक काय करतो, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. तो आधी मनात ८० ठरवतो आणि मग ते चार रकान्यांत वाटून टाकतो! तक्ता निर्णय घेत नाही, घेतलेल्या निर्णयाला कपडे चढवतो.

खरी गंमत बेरजेत आहे. तीन चित्रं घ्या: पावसातला रस्ता, वाईचा घाट आणि म्हाताऱ्याचं व्यक्तिचित्र. पहिल्या परीक्षकाने रस्त्याला ९२, घाटाला ८१, व्यक्तिचित्राला ७० दिले. दुसऱ्याने ९०, ८० आणि ७२. तिसऱ्याला रस्ता मुळीच रुचला नाही. त्याचे ५८, घाटाला ८२ आणि व्यक्तिचित्राला ९०. आता बेरीज करा. रस्ता २४०, घाट २४३, व्यक्तिचित्र २३२. ढाल घाटाला! तिघांपैकी दोघांच्या मते रस्ता पहिला, तिसऱ्याच्या मते व्यक्तिचित्र पहिलं, आणि जिंकलं ते चित्र, जे एकाच्याही मते पहिलं नव्हतं. कुणालाच न खटकणाऱ्या, बेताच्या, सुबक चित्रांना गावोगाव बक्षिसं का मिळतात, याचं बरंचसं उत्तर या बेरजेत सापडतं. परीक्षकांना धाडस आवडत नाही असं नसतं. धाडस एखाद्याला तरी खटकतंच, आणि सरासरी त्या खटकण्याची पुरेपूर वसुली करते.

आणखी एक बारकावा. कडक परीक्षक असला की निकाल बिघडतो, असं लोक म्हणतात. तसं नाही. जो सगळ्यांनाच दहा-दहा गुण कमी देतो, त्याच्यामुळे क्रमात काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो गुणांच्या पसाऱ्याने. एक परीक्षक ५० ते ९५ असा मोकळा हात ठेवतो, आणि दुसरा सज्जन माणूस कुणी दुखावू नये म्हणून सगळ्यांना ७० ते ७५ मध्येच बसवतो. त्या सज्जनाचं मत बेरजेत जवळजवळ बुडून जातं. मत तिघांचं म्हणायचं, निकाल एकाचा.

मग गुण नकोत, नुसते क्रम लावा आणि बहुमत घ्या, असं कुणी म्हणेल. त्यातली मेख कॉन्दॉर्से या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्येच दाखवली आहे. एकाचा क्रम रस्ता, घाट, व्यक्तिचित्र. दुसऱ्याचा घाट, व्यक्तिचित्र, रस्ता. तिसऱ्याचा व्यक्तिचित्र, रस्ता, घाट. आता दोन-दोन चित्रांची जोडी लावून मतं घ्या. रस्ता घाटाला हरवतो, घाट व्यक्तिचित्राला हरवतो, आणि व्यक्तिचित्र रस्त्याला! फुगडी नुसती. हिशोबाची कोणतीही रीत घेतली तरी ती परीक्षकांच्या वतीने चित्र पाहू शकत नाही.

तेव्हा तक्ता बाजूला ठेवून तिघांनी त्या रस्त्याच्या चित्रापुढे जाऊन उभं राहावं, हे बरं. आणि तिसऱ्याला विचारावं, का हो, ५८ का? समजा तो म्हणाला, “यात पांढरा रंग वापरलाय. जलरंगात पांढरं म्हणजे कागद. तो राखायचा असतो.” मुद्दा क्षुल्लक नाही. पारदर्शक जलरंगात उजेड कागदातून येतो. वरून दिलेला अपारदर्शक पांढरा तिथे खडूसारखा मख्ख बसू शकतो. पण हा नियम आहे का? प्रवेशपत्रिकेत लिहिलेलं असेल, तर नियम, आणि मग चित्र भिंतीवर लागायलाच नको होतं. लिहिलेलं नसेल, तर नाही. ड्यूररने १५०२ मध्ये काढलेला तो प्रसिद्ध ससा पारदर्शक आणि अपारदर्शक असे दोन्ही रंग वापरूनच काढलेला आहे, आणि त्याच्या अंगावरचा केस न् केस जिवंत आहे.

म्हणजे “पांढरा वापरला” ही वस्तुस्थिती झाली. “म्हणून चित्र फसलं” हे त्यातून गणितासारखं निघत नाही. १७९० मध्ये कांटने हेच नेमकं धरलं: सौंदर्याचा निर्णय पुराव्याने सिद्ध करता येत नाही, तरीही तो देताना आपण “मला आवडलं” एवढंच म्हणत नसतो, इतरांनीही मान्य करावं अशी मागणी करत असतो. मग कारणं सांगायची ती कशासाठी? फ्रँक सिब्ली या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५९ च्या एका निबंधात याचं उत्तर दिलं, ते आम्हाला पटतं. समीक्षकाची कारणं समोरच्याला दिसायला लावतात. तिसऱ्याने बोट दाखवावं: “हा ओल्या डांबरावरचा दिव्याचा उजेड बघा, चकाकत नाही, चिकटवल्यासारखा वाटतो.” बाकीच्या दोघांना ते दिसलं तर त्यांचे ९२ आणि ९० खाली येतील. कदाचित ते म्हणतील, “अहो, चार पावलं मागं या, धुक्यातला दिवा असाच असतो.” आणि मग ५८ वर जाईल. अर्ध्या तासाने एकमत होईलच असं नाही. पण मतभेद राहिला तर तो चित्राबद्दल राहील.

बघण्याच्या आड नाव येतं, म्हणून नावाच्या चिठ्ठ्या झाकतात. झाकाव्यातच. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते हातात समई धरलेल्या स्त्रीचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते आहे सावळाराम हळदणकरांचं, मूळचे सावंतवाडीचे. काढलंय १९४५-४६ च्या सुमारास, म्हणजे रविवर्मा जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर, आणि आहे जलरंगात. नाव ऐकलं की डोळे आपोआप ठरवतात काय दिसायचं ते, माध्यमसुद्धा! अर्थात लहान गावात चिठ्ठी झाकून फारसं भागत नाही; होडीच्या शिडावरूनच हात ओळखू येतो.

आणि मग माणूस मध्ये येतो. ऐंशीच्या घरातले निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांनी निम्म्या गावाला ब्रश धरायला शिकवलं. किंवा रिक्षा चालवून रात्री चित्रं काढणारा मुलगा. यांना द्यावं असं वाटणं वाईट नाही, पण ते कृतज्ञतेचं किंवा मदतीचं कारण आहे. त्यासाठी सत्कार करा, शिष्यवृत्ती द्या, कागद-रंग घेऊन द्या. ढालीवर “सर्वोत्कृष्ट चित्र” असं कोरलेलं असेल, तर त्या मुलाच्या चित्राला ती सहानुभूतीने देणं म्हणजे त्याचं चित्र न पाहताच परत करणं. उत्तेजनार्थ बक्षिसांची खिरापत वाटतात, तिच्यातही हाच अनादर असतो.

ज्याचं चित्र डावललं गेलं, त्याला “का?” विचारायचा हक्क आहे, आणि “गुण कमी पडले” हे त्याचं उत्तर नव्हे. निकालानंतर परीक्षकांनी तासभर हॉलमध्ये थांबावं, ज्याला हवं त्याने त्यांना आपल्या चित्रापाशी न्यावं. काही संयोजकांना हे नको असतं, भांडणं होतील म्हणून. होतील थोडी. चित्रकार म्हणेल, मला ते पटत नाही. नाही पटलं तरी आकाशाचा तो कोपरा तो परीक्षकाच्या डोळ्यांनी एकदा बघून घरी जाईल, आणि परीक्षकही त्याच्या डोळ्यांनी.

राहता राहिला प्रश्न, साठांपैकी एकही चित्र ढालीच्या तोलाचं नसेल तर पहिलं बक्षीस रिकामं ठेवावं का. प्रायोजक आधीच बोलावून ठेवलेला असतो, त्यामुळे तो प्रश्न निम्मा चित्रांचा आणि निम्मा समितीचा आहे. त्याला पुढच्या व्याख्यानात हात घालू.