आगीचा बंब आणि नोंदवही

आगीचा बंब कर्णा वाजवीत रस्त्यानें निघाला म्हणजे लहानथोर सर्वांचीच दृष्टि त्याकडे वेधते. ती लाल गाडी, तिच्यावरील लांब शिडी, शिरस्त्राण घातलेले ते जवान यांकडे पाहून आमच्यांतील कित्येकांनीं मोठेपणीं बंबवाला होण्याचा निश्चय एकदां तरी केलेला असेल. परंतु त्याच दलाच्या ठाण्यांत एक माणूस टेबलाशीं बसून वर्दी किती वाजतां आली, बंब किती वाजतां निघाला, आग कशानें लागली, हें लिहीत असतो. त्याच्याकडे कोणीच पाहत नाहीं. या लेखांत आम्ही त्या लिहिणाऱ्या माणसाच्या कामाविषयीं, आणि त्यानें लिहिलेल्या आंकड्यांचें पुढें काय होतें त्याविषयीं, चार शब्द सांगणार आहों.

ही कल्पना नवी नाहीं. जेम्स ब्रेडवुड या गृहस्थाची १८२४ सालीं एडिंबरो शहराच्या बंबांवर मुख्य म्हणून नेमणूक झाली, तेव्हां त्याचें वय अवघें चोवीस वर्षांचें होतें. त्यानें आपल्या दलांत सुतार, गवंडी, छपरें शाकारणारे व नळकाम करणारे असे लोक घेतले. कारण घर कसें बांधतात हें ज्यास ठाऊक, त्यासच तें जळतांना कोणीकडून कोसळेल याचा अंदाज येतो. १८३३ सालीं तो लंडनास गेला. तेथील आगींचीं दरसालचीं कोष्टकें त्या काळीं छापून प्रसिद्ध होत असत: इतक्या आगी मेणबत्तीनें, इतक्या पडद्यांनीं, इतक्या धुराड्यांमुळें. कोष्टक दिसावयास रुक्ष खरें. परंतु आग म्हणजे दैवाचा कोप असें म्हणणारास तें निरुत्तर करितें. पुढें २२ जून १८६१ रोजीं टूली स्ट्रीटवरील वखारींच्या प्रचंड आगींत भिंत अंगावर कोसळून ब्रेडवुड मरण पावला.

आतां या आंकड्यांकडे थोडें बारकाईनें पाहूं. बंबवाल्यांच्या नोंदींत तीन वेळा फार महत्त्वाच्या असतात: वर्दी आली ती, बंब ठाण्यांतून निघाला ती, आणि आगीच्या जागीं पोंचला ती. अमेरिकेंतील एनएफपीए १७१० या नियमावलीनें पगारी दलांसाठीं असें प्रमाण घालून दिलें कीं, आगीची वर्दी मिळाल्यावर ८० सेकंदांत निघावें आणि पहिल्या बंबानें पुढील २४० सेकंदांत जागेवर पोंचावें. यांतील खरी मेख अशी कीं, हें सरासरीनें साधून चालत नाहीं. शंभरांपैकीं नव्वद वेळां साधलें पाहिजे. असें कां, तें एका कल्पित उदाहरणानें विद्यार्थ्यांस सहज कळेल. नऊ वर्दींना बंब चार चार मिनिटांत पोंचला आणि दहाव्या वर्दीला चोवीस मिनिटें लागलीं, तर सरासरी सहा मिनिटें येते. कागदावर सहा मिनिटें वाईट दिसत नाहींत. पण ज्याचें घर दहावें, त्याच्या दारीं बंब आला तेव्हां विझवावयास कांहीं उरलें होतें कीं नाहीं, हें ती सरासरी सांगत नाहीं.

आंकडे उपयोगी पडतात आणि फसवितातही. या दोन्ही गोष्टींचा अनुभव न्यूयॉर्क शहराइतका दुसऱ्या कोणास क्वचितच आला असेल. १९६० नंतरच्या दशकांत त्या शहरांत आगींच्या व खोट्या वर्दींची संख्या झपाट्यानें वाढली. तेव्हां १९६८ पासून रँड या संस्थेचे गणिती शहराच्या मदतीस आले. त्यांनीं जवानांच्या हातीं सेकंदमापक घड्याळें देऊन बंबांच्या धांवेचे वेळ व अंतरें टिपून घेतलीं, आणि त्यांतून सूत्रें बसविलीं. त्यांपैकीं कोलेसार व ब्लम यांनीं १९७३ सालीं मांडलेला वर्गमुळाचा नियम प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ थोडक्यांत असा: शहरांत ठाणीं वाढविलीं तर आगीपर्यंतचें सरासरी अंतर घटतें, पण त्याच मानानें घटत नाहीं. चार ठाणीं असलेल्या शहरानें तें अंतर निम्में करावयाचें म्हटलें, तर आठ ठाणीं पुरत नाहींत, सोळा लागतात. नियम सुंदर आहे, आणि बीजगणित शिकणाऱ्या कोणत्याही मुलास तो वहींत ताडून पाहतां येईल.

पण याच नियमाची दुसरी बाजू पाहा. जेथें ठाणीं दाट आहेत, तेथील एक ठाणें उठविलें तर सरासरी अंतर अगदीं थोडेंच वाढतें. म्हणून पैसा कमी पडला कीं कात्री दाट ठाण्यांच्या वस्तीवर चालविणें हिशेबाला निर्धोक वाटतें. आतां तेथें ठाणीं दाट कां होतीं? तर वस्ती गरीब, घरें जुनीं आणि आगी रोजच्याच, म्हणून! बंब किती लांबून यावयाचा, हें सूत्रानें सांगितलें. तो बंब त्या घटकेस दुसऱ्या आगीवर गुंतलेला नाहीं ना, हा प्रश्न निराळा होता. १९७२ पासून तेथील कित्येक पथकें बंद झालीं किंवा हलविलीं गेलीं, आणि १९७५ सालीं शहराची तिजोरीच रिकामी झाल्यावर कपातीस जोर चढला. त्याच दशकांत ब्राँक्स भागांतील सात विभागांतल्या शेंकडा ९७ हून अधिक इमारती आगीनें व ओसाडीनें नाहींशा झाल्या. याचें सारें खापर गणितावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. घरमालकांचा लोभ, बेकारी, जाळपोळ आणि रिकामा खजिना हींही कारणें होतीं, आणि विद्वानांचा वाद अजून चालूच आहे. आमचें मत विचाराल तर चूक मोजणींत नव्हती, काय मोजावयाचें तें निवडण्यांत होती. जें मोजावयास सोपें तेंच मोजलें गेलें, आणि जे लोक सभेंत मोठ्यानें बोलूं शकत नव्हते त्यांचें नुकसान झालें.

त्याच शहराची दुसरी गोष्ट १८ ऑगस्ट २००७ ची. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत नादुरुस्त झालेली एका बँकेची उंच इमारत पाडण्याचें काम चाललें असतां तिला आग लागली. वरच्या मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या नळाचा एक तुकडा तळघरांत काढून टाकलेला होता. जवान वर चढले आणि तासाहून अधिक काळ त्यांस पाणी मिळालें नाहीं; धुरांत कोंडून दोघे मरण पावले. पाडकाम चालू असलेली इमारत दर पंधरा दिवसांनीं तपासावी असा नियम होता. पण तेथें वर्षाहून अधिक काळ तशी तपासणी झालेलीच नव्हती. अशी इमारत पाडली जात आहे ही माहिती सरकारी दप्तरांत होती. ती ज्याच्या हातीं पडावयास हवी होती, त्याच्या हातीं ती कामाच्या रूपानें पडली नाहीं.

या दुर्घटनेनंतर तेथील अग्निशामक दलानें निरनिराळ्या खात्यांचीं दप्तरें संगणकानें एकत्र जुळवून कोणती इमारत आधीं तपासावी याचा क्रम लावण्यास आरंभ केला. घर केव्हां बांधलें, कर थकला आहे काय, अशा सुमारें ६० गोष्टी त्यांत धरल्या जात. नगरपालिकेच्या दुसऱ्या एका खात्यानेंही हाच मार्ग धरला. एका घरांत बेकायदा आडभिंती घालून दहापट माणसें कोंबल्याच्या तक्रारी त्या शहरांत दरसाल सुमारें २५ हजार येत, आणि तपासनीस होते अवघे दोनशेंच्या आसपास. पूर्वीं शंभर तपासण्यांत तेरा ठिकाणीं घर रिकामें करविण्याइतका धोका आढळे. आंकड्यांनीं क्रम लावल्यावर तें प्रमाण सत्तरांच्या वर गेलें.

या कामांतील एक लहानशी हकीकत आम्हांस फार आवडली. आंकडेवाले लोक एका अनुभवी तपासनिसाबरोबर हिंडत होते. एका घराकडे नुसतें पाहून तो म्हणाला, येथें कांहीं भीति नाहीं. त्यांनीं कारण विचारलें. बाहेरच्या विटांचें काम नवें आहे, हें त्यानें दाखविलें. जो मालक भिंतीवर पैसा खर्च करितो, तो घर अगदींच वाऱ्यावर सोडीत नाहीं. त्यांनीं परत येऊन वीटकामाच्या परवान्यांची नोंद हिशेबांत घातली, आणि तपासनिसाचें म्हणणें खरें ठरलें. ब्रेडवुडनें गवंडी कां नेमले, तें येथें पुन्हां आठवतें.

हा झाला घरांचा विचार. जवानांच्या जिवाचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हां मुंबई इलाख्यांतील लोकांस १४ एप्रिल १९४४ हा दिवस आठवतो. त्या दिवशीं व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापसाच्या गांठी आणि हजारांहून अधिक टन स्फोटक द्रव्यें असतां आग लागली, आणि दोन प्रचंड स्फोट होऊन मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ सर्व देशांत अग्निशमन सेवा दिन पाळतात. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागून ती कोसळली, आणि त्याच दलाचे चार वरिष्ठ अधिकारी प्राणांस मुकले.

स्फोट आणि कोसळत्या भिंती मनांत ठसतात. म्हणून जवान ज्वाळांनीं किंवा ढिगाऱ्याखालींच मरतात, असा आपला समज होतो. अमेरिकेंत १९९४ ते २००४ या काळांत कामावर असतां मेलेल्या जवानांच्या नोंदी कांहीं वैद्यांनीं तपासून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ११ सप्टेंबरचे मृत्यु वगळले असतां शेंकडा ४५ मृत्यु हृदयविकाराचे निघाले. आणि त्यांतले सुमारें एकतृतीयांश प्रत्यक्ष आग विझवितांना घडलेले होते, जरी त्या कामांत जवानाचा शेंकडा एक ते पांच इतकाच वेळ जातो. निजलेला माणूस घंटेसरशी उठतो, अंगावर जड पोशाख चढवून उष्णतेंत शिड्या चढतो. त्याचें हृदय त्या घटकेस काय सोशीत असेल! शिरस्त्राण कितीही बळकट केलें तरी या मृत्यूवर त्याचा उपाय चालत नाहीं. उपाय म्हणजे दरसालची वैद्यकीय तपासणी, नियमित व्यायाम आणि आगीवर पाळीपाळीनें विसांवा. हें कोणा शूर पुरुषाच्या चरित्रांत सांपडलें नसतें. ओळीनें लिहिलेल्या मृत्यूच्या नोंदींतच सांपडलें.

अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांत नोव्हेंबर २०१४ मध्यें एका घरांतील पांच माणसें, त्यांत तीन मुलें, आगींत दगावलीं. त्या घरांत धुराची सूचना देणारें यंत्र नव्हतें. दुसऱ्या वर्षीं तेथील दलानें खानेसुमारीच्या आंकड्यांवरून असें यंत्र नसण्याचा संभव कोणत्या गल्ल्यांत अधिक, आणि तान्हीं मुलें व म्हातारीं माणसें कोठें अधिक, तें काढलें, व तेथें घरोघर जाऊन तीं यंत्रें फुकट बसविलीं. दारावर थाप कोणाच्या मारावयाची, एवढेंच आंकड्यांनीं सांगितलें. थाप मारावयास जवानच गेले.

शेवटीं पालकांस व विद्यार्थ्यांस एक व्यवहाराची गोष्ट. नोंदवहींतील पहिली ओळ फोन करणाराच्या तोंडून लिहिली जाते. आपल्याकडे १०१ किंवा ११२ वर वर्दी देतांना नुसतें 'आग लागली, लवकर या' असें ओरडून फोन ठेवूं नये. रस्त्याचें नांव, जवळची ठळक खूण, कितवा मजला, आंत कोणी अडकलें आहे काय, गॅसची टाकी कोठें आहे, आणि गल्लींत मोठी गाडी शिरेल कीं नाहीं, हें सांगावें, व समोरचा माणूस पुरें म्हणेपर्यंत फोन सोडूं नये. मग एकानें धांवत जाऊन कोपऱ्यावर उभें राहावें, म्हणजे बंबाला चुकीच्या गल्लींत वळावें लागणार नाहीं.