अडीच सुताचा घोळ

पेणच्या एखाद्या जुन्या आळीत, किंवा नागोठण्याहून भिसे खिंड ओलांडून रोह्यात शिरताना, घराच्या पडवीला ताडपत्रीखाली झाकलेली फियाट नाहीतर अ‍ॅम्बॅसेडर अजून दृष्टीस पडते. आजोबांची गाडी. नातवाला ती चालू करायची हुक्की येते आणि गणपतीपर्यंत गाडी दारात उभी राहिली पाहिजे, असं घरात ठरतं. सगळ्यांना धास्ती असते इंजिनाची. प्रत्यक्षात काम अडतं ते बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूपाशी. जुना गंजून तुटलेला, आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला नवा दोन फेऱ्यांत अडकलेला. मग गॅरेजवाला डबा ढवळतो, एक बोल्ट उजेडात धरतो आणि निकाल देतो, "हा आठचा नाय, अडीच सुताचा हाय."

एका इंचाचे आठ सूत, हा हिशेब सुतार, गवंडी आणि मेकॅनिक आजही तोंडी करतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे ३/८ आणि अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच. हे शेवटचं माप मिलिमीटरमध्ये भरतं ७.९४, आणि मेट्रिक बोल्ट असतो ८ मिलिमीटरचा. फरक जेमतेम केसाच्या जाडीचा. त्यात भर म्हणजे दोघांची डोकीही जुळी भावंडं वाटावीत अशी. मेट्रिक बोल्टला १३ चा पाना लागतो आणि अडीच सुताच्याला सहसा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. त्यामुळे बारा-तेराचा पाना इथेही बसतो, पण किंचित सैल. जोर लावला की षट्कोनी डोकं गोल होतं आणि बोल्टाची वाट लागते.

खरा भेद आट्यांत आहे. बाजारातल्या ८ च्या बोल्टाचा एक आटा दुसऱ्यापासून १.२५ मिलिमीटरवर असतो. इंची बारीक आट्यांच्या बोल्टाला एका इंचात २४ आटे, म्हणजे अंतर साधारण १.०६. नट पहिली फेरी गोडीगुलाबीने फिरतो, पुढे रुसतो. तिथे थांबायचं असतं. न थांबता जो पाना ओढतो, तो बोल्ट आणि भोक दोन्ही घालवून बसतो.

हा घोळ आपल्याकडे आला कुठून? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात, त्या इंची. पुढे त्याच आवारात इटलीची फियाट आली, ती मेट्रिक. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावात जोडायला घेतलेली विलीज जीप अमेरिकन, म्हणून इंची. अ‍ॅम्बॅसेडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तीही इंची. मात्र नव्वदच्या दशकात तिच्यात जपानी इसुझू इंजिन बसलं आणि एकाच गाडीत बॉडीला एक पाना, इंजिनाला दुसरा, असा संसार सुरू झाला. देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ चा. पण कायदा झाला म्हणून आधी पाडलेले आटे बदलत नाहीत.

इंची म्हटलं तरी सगळे इंच एक नव्हेत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये ५५ अंशांचे आटे ठरवून दिले; अमेरिकेने १८६४ पासून ६० अंशांचे धरले. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे नट-बोल्टच एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समाईक ‘युनिफाइड’ आटे मान्य केले. अ‍ॅम्बॅसेडरवर मुख्यतः हेच. पण तिच्या कार्ब्युरेटरवर आणि वायरिंगच्या टोकांवर ‘बीए’ नावाचं आणखी एक बारकं कूळ भेटतं. त्यातला शून्य नंबरचा स्क्रू बरोबर ६ मिलिमीटर जाड, आट्यांतलं अंतरही बरोबर १ मिलिमीटर, म्हणजे हुबेहूब मेट्रिक ६. फक्त आट्याचा कोन ४७.५ अंश! इतकी बेमालूम फसवणूक बाजारात दुसरी नसेल.

कळस केला तो एमजीच्या टी मालिकेतल्या स्पोर्ट्स गाड्यांनी. त्यांच्या इंजिनाचं मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्रीतल्या कारखान्यात. तिथली यंत्रं मेट्रिक, म्हणून आटे मेट्रिक पडले. पण इंग्रज मेकॅनिकांकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडाही डोक्याचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. पाव इंच असं कोरलेला पाना प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून रुंद भरतो.

फियाटवाल्यांना हे सगळं लागू नाही, असं वाटेल. तीही सरळ नाही. फियाटने १० मिलिमीटरच्या बोल्टाला पुष्कळ ठिकाणी १.२५ चे बारीक आटे दिले आहेत. दुकानात मिळतो तो दीडचा. जीपची गंमत वेगळी. जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेला गडी पान्यावर उभा राहून नट ‘सोडवत’ राहतो, आणि प्रत्यक्षात आवळत असतो.

मग ओळखायचं कसं? आटे मोजायचं करवतीसारख्या पात्यांचं पिच गेज स्वस्तात मिळतं. ते नसेल तर ओळखीच्या मापाचा बोल्ट घेऊन दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडापुढे धरावेत. मधून उजेडाची रेघ दिसली नाही तर अंतर एकच. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतील तर मेट्रिक. मध्यातून फुटणाऱ्या तीन किंवा सहा रेघा असतील तर अमेरिकन इंची. बोल्टच हरवला असेल तर मऊ लाकडाची काडी भोकात पिळून घालावी. तिच्यावर आट्यांचे वळ उमटतात, ते मोजता येतात.

पेणला खाडी आणि मिठागरांचा शेजार, वर कोकणचा पाऊस. त्यामुळे इथला स्क्रू ओळखण्याआधी सुटायलाच हवा. घाई इथेच नडते. गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवावं, डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत, पेट्रोलची टाकी आणि नळ्या दूर असतील तरच शेक द्यावा, आणि सोडवताना पाव फेरी मागे, पाव फेरी पुढे असं खेळवावं. निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर गाडीच्या भागाचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवावा. मोबाइलमधल्या फोटोंपेक्षा हा पुठ्ठा जास्त कामाचा.

नवा बसवताना खाऱ्या हवेचा विचार करून पुष्कळजण सरसकट स्टेनलेस घालतात. पट्ट्या, दिवे, नंबरप्लेट यांना ठीक. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनला मात्र नाही. तिथे ठरलेल्या ताकदीचा पोलादी बोल्टच हवा, कारण नेहमीचं स्टेनलेस ८.८ च्या बोल्टाहून कमजोर असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस घातलं तर खारट ओलीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मिळतच नसलेला शोभेचा स्क्रू लेथवाल्याकडून कातून घेता येतो, नमुना मात्र शाबूत पाहिजे. मोठं भोक पाडून मोठा बोल्ट ठोकणं हा उपाय नव्हे, तो पुढच्या मालकासाठी लावलेला सापळा आहे.

बाकी माल मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधावा लागतो, आणि तो झपाट्याने आटतो आहे. अ‍ॅम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी, म्हणजे प्रीमियरच्या त्याच फियाटची पुढे बदललेल्या नावाची टॅक्सी, २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. दुसरीकडे, केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे तिच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या.

तेव्हा पडवीतली गाडी भंगारवाल्याला द्यायचं ठरलंच असेल, तर त्याआधी एक दुपार काढा, तिचे स्क्रू आणि बोल्ट सोडवून तेल लावून एका बरणीत भरा, आणि वर गाडीचं नाव आणि साल लिहून जवळच्या गॅरेजवाल्याकडे ठेवा.