जाहिरात कोणाच्या पैशाची? मेनच्या मतदारांना सहा वर्षांनी मिळालेलं उत्तर

आजचा भाग अमेरिकेतल्या टॅक्सच्या कायद्यावर आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. या कायद्याच्या आडोशाने एका राज्यातल्या मतदारांपासून एक साधी गोष्ट जवळपास सहा वर्षं लपून राहिली: टीव्हीवर आपल्याला ज्या जाहिराती दाखवल्या, त्यांचे पैसे कोणी भरले?

राज्याचं नाव मेन. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, लोकसंख्या साधारण १४ लाख, म्हणजे पुणे शहराच्या निम्मीही नाही. मे २००९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि गव्हर्नर जॉन बाल्डाची यांनी सही केली. पण मेनमध्ये एक सोय आहे. पुरेशा सह्या जमवल्या की झालेला कायदाही थेट लोकांच्या मतदानाला टाकता येतो. विरोधकांनी तेच केलं. नोव्हेंबर २००९ मध्ये मतदान झालं आणि साधारण ५३ विरुद्ध ४७ टक्के मतांनी कायदा रद्द झाला. लग्नाची तयारी करून बसलेल्या जोडप्यांना पुढची तीन वर्षं थांबावं लागलं.

या मोहिमेचा निम्म्याहून जास्त पैसा एकाच बाहेरच्या संस्थेकडून आला होता. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेज, लोक तिला ‘नॉम’ म्हणतात. २००७ साली समलिंगी विवाहाला विरोध करण्यासाठीच ती निघाली. मेनमध्ये तिने जवळपास २० लाख डॉलर ओतले. मग प्रश्न आला, नॉमकडे हे पैसे कुठून आले? नॉम म्हणाली, सांगणार नाही.

आता टॅक्सकडे येऊ. अमेरिकेत ना-नफा संस्थांचे बरेच प्रकार आहेत, आपल्याला दोनच पुरेत. पहिला ५०१ सी ३: शाळा, चर्च, धर्मादाय संस्था. यांना देणगी दिली की देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते, आपल्याकडच्या ८०जी सारखं समजा. पण १९५४ पासून या संस्थांना कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे, आणि कायदे बदलण्यासाठीचा प्रचारही मर्यादेतच करता येतो. दुसरा प्रकार ५०१ सी ४, कागदोपत्री ‘समाजकल्याण’ संस्था. इथे देणगीदाराला सूट नाही, पण संस्थेच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, कायद्यांसाठी हवा तेवढा प्रचार करता येतो, आणि मुख्य म्हणजे देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. नॉम ही सी ४. आणि हे एकाच बाजूचं हत्यार नाही हं. समलिंगी हक्कांसाठी लढणारी मोठी संस्था ह्यूमन राइट्स कॅम्पेन, तीही सी ४ च आहे.

गोची झाली ती राज्याच्या कायद्यामुळे. मेनचा कायदा म्हणत होता, इथल्या मतदानावर ५,००० डॉलरपेक्षा जास्त खर्चासाठी पैसे गोळा केलेत तर नोंदणी करा आणि देणगीदार सांगा. कॅलिफोर्नियातले कार्यकर्ते फ्रेड कार्गर यांनी २००९ मध्येच तक्रार केली. नॉमचा बचाव असा, की लोकांनी पैसे आमच्या एकूण कामासाठी दिले, खास मेनसाठी नाही. ही पळवाट नीट बघा. पैसा आधी एका मोठ्या हौदात टाकायचा, मग कुठल्या बादलीतलं पाणी कुठे गेलं हे कोण सांगणार? नॉमने उलट राज्याच्या कायद्यालाच कोर्टात आव्हान दिलं, आणि वर्षं सरत गेली.

गंमत म्हणजे याच खटल्यामुळे मार्च २०१२ मध्ये नॉमचे अंतर्गत कागद उघड झाले. त्यात कृष्णवर्णीय आणि समलिंगी या दोन समाजांमध्ये फूट पाडायची, असा डाव चक्क लिहून ठेवलेला होता. त्याच सुमारास केंद्राच्या टॅक्स खात्याकडूनही घोळ झाला. नॉमची २००८ सालची देणगीदारांची यादी खात्याने चुकून एका अर्जदाराला नावांसकट दिली आणि ती माध्यमांपर्यंत पोचली. मिट रॉम्नी यांच्या राजकीय समितीचे १०,००० डॉलर त्यात निघाले. नॉमने सरकारवर दावा लावला आणि २०१४ मध्ये ५०,००० डॉलरवर तडजोड झाली.

नावं लपवण्यामागे काही तत्त्व आहे का? आहे, आणि ते आलं नागरी हक्कांच्या चळवळीतून. १९५६ मध्ये अलाबामा राज्याने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली होती. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, द्यायची गरज नाही, कारण नावं फुटली तर लोकांच्या नोकऱ्या आणि जीव धोक्यात येतात. नॉमच्या बाजूचे लोक हाच निकाल पुढे करतात, आणि त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. ब्रेंडन आइक यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अशाच मोहिमेला १,००० डॉलर दिले होते, त्यावरून २०१४ मध्ये वादळ उठलं आणि त्यांना मोझिलाचं प्रमुखपद सोडावं लागलं. पण मला विचाराल तर, हजार डॉलर देणारा माणूस आणि एका राज्याचं मतदान फिरवण्याएवढा चेक लिहिणारा माणूस, दोघांना एकच पडदा कशाला?

मे २०१४ मध्ये मेनच्या निवडणूक आचार आयोगाने नॉमला ५०,२५० डॉलर दंड ठोठावला आणि नावं द्या म्हणून सांगितलं. नॉम परत कोर्टात. शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये यादी आली, आणि कळलं की बहुतेक पैसा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच देणगीदारांचा होता. तोवर मेनच्या मतदारांनी २०१२ मध्ये स्वतःच मत बदलून समलिंगी विवाह मान्य केला होता, आणि यादी येण्याच्या दोनच महिने आधी, २६ जून २०१५ ला, सुप्रीम कोर्टाने तो देशभर लागू केला होता.

आणि टॅक्स खात्याकडे जाणाऱ्या त्या यादीचं काय? २०२० मध्ये नियमच बदलला. आता सी ४ संस्थांना देणगीदारांची नावं दरवर्षी खात्यालासुद्धा कळवावी लागत नाहीत. संस्थेने ती स्वतःच्या दप्तरी ठेवली की झालं.