त्या वाटेने आधी गेलेली सखी

स्तनांच्या कर्करोगावरील उपचार गेल्या काही दशकांत पुष्कळ पुढे गेले आहेत. त्या आजाराविषयी घरात मोकळेपणाने बोलण्याचे धैर्य मात्र त्या प्रमाणात वाढलेले नाही. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. एवढ्या मोठ्या संख्येतून कोणताही समाज, कोणताही संघ सुटलेला असणे शक्य नाही. तरीही चौकशी केली, तर ‘आमच्याकडे तसे कोणी नाही’ हेच उत्तर बहुधा मिळते.

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे गाव बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते तेथील जलशुद्धीकरण केंद्रामुळे. बारवी धरणाच्या पाण्यावर तेथे प्रक्रिया होते आणि आसपासच्या शहरांना व औद्योगिक वसाहतींना ते पुरविले जाते. गावाच्या एका अंगाला उल्हासनगरची मोठी बाजारपेठ, तर दुसऱ्या अंगाला अंबरनाथ आणि बदलापूर. या पट्ट्यातील एखाद्या व्यापारी घरात स्त्रीच्या स्तनात गाठ आढळली आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाण्याचे ठरले, की तिच्या वाट्याला येतो तो लोकलचा प्रवास. बदलापूर ते परळ हे अंतर सुमारे ६० किलोमीटरांचे. तपासण्या, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन, पुन्हा तपासण्या, अशी ही ये-जा कित्येक महिने चालते. सोबत पती असतो, मुलगा असतो, कधी दीर असतो. परंतु या वाटेवरून आधी गेलेली एखादी स्त्री मात्र क्वचितच सोबत असते. तिची उणीव कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

अब्रूचे मौन

व्यापारी कुटुंबात काही गोष्टी बाहेर जाऊ न देण्याची रीत फार जुनी आहे. बाजारात पत टिकली पाहिजे, घरातील अडचण चारचौघांत जाऊ नये, ही शिकवण व्यवहारात उपयोगीही ठरते. पण हीच रीत आजाराला लावली, की तिचे ओझे एकट्या रुग्ण स्त्रीवर पडते. ‘मुलीचे लग्न जमायचे आहे’, ‘सासरच्या मंडळींना कळायला नको’, ‘मंडळात विचारपूस सुरू होईल’, अशा कारणांनी आजाराला दुसरेच नाव दिले जाते. केस गेलेल्या दिवसांत ती स्थानकात किंवा मंदिरात जाणे सोडते. भेटायला येणाऱ्यांना ती झोपली असल्याचे सांगितले जाते.

विवाहाच्या काळजीबाबत एक वैद्यकीय वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी. स्तनांच्या कर्करोगापैकी साधारण पाच ते दहा टक्केच जन्मजात जनुकीय दोषामुळे होतात. म्हणजे बहुसंख्य रुग्णांच्या मुलींना असा दोष वारशाने मिळालेला नसतो. ज्या घराण्यात हा आजार अनेकींना किंवा फार लहान वयात झाला असेल, तेथे तर तो लपविणे अधिकच घातक. कारण त्या घरातील मुलींना वेळेवर सल्ला व तपासणी मिळण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो.

मौनाची किंमत उशिराच्या निदानातही मोजावी लागते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातील एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. महागडे यंत्र नसतानाही, स्त्रीने स्त्रीशी साधलेल्या संवादातून आणि शिकलेल्या हातांनी केलेल्या तपासणीतून एवढे घडू शकले.

टेरेसी लासर यांचा प्रश्न

रुग्णाने रुग्णाला आधार देण्याच्या या कार्याचा आरंभ न्यूयॉर्कमध्ये झाला. १९५२ मध्ये टेरेसी लासर यांच्यावर स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या काळी स्तनासोबत छातीचे स्नायू आणि बगलेतील गाठीही काढल्या जात. शस्त्रक्रिया पार पडली. पण हात पूर्वीसारखा वर जाईल का, कपडे कोणते घालावेत, पतीशी आणि मुलांशी काय बोलावे, या प्रश्नांची उत्तरे द्यायला कोणीच नव्हते. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच रुग्णालयात जाऊन नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना भेटू लागल्या. हाताच्या व्यायामासाठी एक रबरी चेंडू, एक दोरी आणि चोळीच्या आत ठेवायची तात्पुरती गादी एवढाच सरंजाम त्यांच्यापाशी असे. अनेक डॉक्टरांना हे रुचले नाही. तरीही काम वाढत गेले. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ‘रीच टू रिकव्हरी’ हा त्यांचा उपक्रम आपल्या छत्राखाली घेतला, आणि १९७४ पासून तो युरोपात व पुढे अन्य देशांत पोहोचला.

परळच्या परिसरात

महाराष्ट्रातही हे कार्य नवे नाही. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये मुंबईत ‘व्ही केअर फाउंडेशन’ची स्थापना केली. या संस्थेच्या स्वयंसेवकांत कर्करोगावर मात केलेल्या व्यक्ती आहेत, आणि रुग्णांशी बोलणे, त्यांना माहिती व धीर देणे हे त्यांचे काम आहे. भारतीय रेल्वेच्या लेखा सेवेतील अधिकारी रुबी अहलुवालिया यांना २००९ मध्ये स्तनांचा कर्करोग झाला. उपचारांनंतर २०१२ मध्ये त्यांनी ‘संजीवनी – लाइफ बियाँड कॅन्सर’ ही संस्था उभारली. ‘जास्कॅप’ या संस्थेने आजार व उपचार समजावून देणाऱ्या पुस्तिका मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत उपलब्ध केल्या. ‘साईशा इंडिया फाउंडेशन’च्या स्वयंसेविका सुती धाग्याने विणलेले हलके कृत्रिम स्तन शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना विनामूल्य देतात. एका स्त्रीने विणलेली वस्तू दुसरीच्या अंगावरच्या कपड्यांना पुन्हा आकार देते, तेव्हा चारचौघांत जाण्याचा तिचा संकोच बराच कमी होतो.

या परिसरात जैन सेवाभावाचेही ठळक उदाहरण आहे. हरखचंद सावला यांच्या ‘जीवनज्योत’ संस्थेने टाटा रुग्णालयाच्या परिसरात गरीब रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना अन्न आणि औषधे पुरविण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. दानाची ही परंपरा समाजात भक्कम आहे. आता तिच्या जोडीला अनुभवाचे दानही हवे आहे.

अहवालात न लिहिलेले

डॉक्टरांना आजार ठाऊक असतो. पण त्या आजारात दिवस कसा काढायचा, हे ज्यांनी तो काढला त्यांनाच ठाऊक असते. शस्त्रक्रियेनंतर बगलेजवळ नळी लावलेली असताना साडी कशी नेसावी, झोपताना हाताखाली उशी कोठे ठेवावी, पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात तेव्हा ते आधीच बारीक कापून घेणे का सोयीचे, लहान मुलांना काय सांगावे, या गोष्टी छापील कागदावर क्वचितच सापडतात. बगलेतील गाठी काढल्यानंतर त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून त्या हाताला जखम व भाजणे टाळावे, आणि रक्तदाब मोजणे किंवा सुई टोचणे शक्यतो दुसऱ्या हातावर व्हावे, असे सांगितले जाते. स्वयंपाकघरात आणि दुकानात वावरताना हे कसे सांभाळायचे, हे अनुभवी स्त्री दाखवून देते. खांदा आखडू नये म्हणून शिकविलेला व्यायाम दुखते म्हणून सोडून देणाऱ्या स्त्रीला, ‘मीही रडत रडतच केला, पण आज वरच्या फळीवरचा डबा काढते’, हे वाक्य कोणत्याही सूचनापत्रकापेक्षा अधिक पटते.

रेडिएशनसाठी बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे जावे लागते. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो, ही साधी माहितीसुद्धा बदलापूर-अंबरनाथकडून जाणाऱ्या अनेकींना वेळेवर मिळत नाही.

जैन घरांत आहाराचा प्रश्न वेगळा उभा राहतो. केमोच्या काळात प्रथिने वाढवा, असे सांगताना पुष्कळदा अंड्यांचे नाव घेतले जाते आणि रुग्ण स्त्री गोंधळते. मूग, मसूर, हरभरा, सोयाबीन, दूध, पनीर, शेंगदाणे यांतून ती गरज कशी भागवली, हे तोच आहारधर्म पाळणारी स्त्रीच नेमके सांगू शकते. उकळलेले पाणी आणि ताजे, शिजवलेले अन्न या घरातील जुन्या सवयी या काळात उपकारकच ठरतात. उपवास, आयंबिल आणि चौविहार यांबाबत मात्र स्वतःहून निर्णय घेऊ नये. रात्री घ्यावयाच्या गोळ्या आणि पाणी हा उपचाराचाच भाग आहे. पच्चक्खाणाच्या पाठातच आगारांची, म्हणजे सवलतींची तरतूद आहे. डॉक्टरांचा सल्ला घेऊन महाराजसाहेबांना किंवा महासतीजींना विचारले, तर मार्ग निघतो. पर्युषणात तप करता आले नाही म्हणून झुरणाऱ्या स्त्रीला हे सांगणारी, आणि स्वतः तसे केलेली, साधर्मिक भगिनी भेटणे फार मोलाचे असते.

आधाराने काय साधते

अशा आधाराने आयुष्य वाढते का, हा प्रश्न संशोधकांनाही पडला. अमेरिकेतील डेव्हिड स्पीगल यांनी आजार शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आधारगटात सहभागी झालेल्या स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी जवळजवळ दुप्पट काळ जगल्याचे दिसले. या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली. पुढे कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र आयुर्मानात फरक आढळला नाही. स्पीगल यांच्या स्वतःच्या पुढील अभ्यासातही पहिला निष्कर्ष टिकला नाही.

कॅनडाच्या त्या अभ्यासाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. आधारगटातील स्त्रियांचा मानसिक त्रास कमी झाला, त्यांना वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या आरंभी अधिक खचलेल्या होत्या त्यांना लाभ अधिक झाला. म्हणून सखीचा आधार हा उपचाराला पर्याय नव्हे, आणि ‘सकारात्मक राहिलीस तर बरी होशील’ असे सांगणेही योग्य नव्हे. तसे सांगितले, तर आजार उलटल्यावर ती स्त्री स्वतःलाच दोष देऊ लागते. तिचे दुःख हलके होणे हेच फलित पुरेसे मोठे आहे.

वैयावृत्त्याचा अर्थ

जैन दर्शनात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे एक तप आहे. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्यास पात्र अशा दहा जणांची गणना येते, त्यांत ‘ग्लान’ म्हणजे रोगी याचा समावेश आहे. मूळ संदर्भ साधुसंघाचा असला, तरी श्रावक-श्राविकांनी त्यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. त्याच ग्रंथात वेदनेच्या सततच्या चिंतनाला आर्तध्यानाचा एक प्रकार मानले आहे. एकटी, बंद खोलीत पडून राहिलेली रुग्ण स्त्री त्याच आवर्तात सापडते. तिला त्यातून बाहेर काढणे ही धर्मसेवाच होय.

येथे एक सावधगिरी हवी. ‘पूर्वकर्माचे फळ आहे, भोगावेच लागेल’, हे वाक्य समाचाराला आलेल्या माणसांच्या तोंडून सहज निघते. स्वतःच्या दुःखाकडे पाहताना कर्मसिद्धान्त समता देतो. दुसऱ्याच्या दुःखावर तो निवाड्यासारखा फेकला, की त्यातील करुणा नाहीशी होते.

मंडळांना करता येण्याजोगे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि जांभूळसारख्या गावांच्या पट्ट्यात महिला मंडळांची आधीच ओळख-देख आहे. त्यांना मोठी संस्था काढण्याची गरज नाही. उपचार पूर्ण होऊन काही काळ लोटलेल्या दोन-तीन भगिनी पुढे आल्या, तरी आरंभ होतो.

काही नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावेत. रुग्ण स्त्रीची संमती असल्याखेरीज भेटायला जाऊ नये. कानावर आलेली गोष्ट मंडळात, नात्यात किंवा मोबाइलवरील गटात जाता कामा नये. हा विश्वास एकदा तुटला, की पुढची स्त्री तोंड उघडणार नाही. शक्यतो साधारण त्याच वयाची आणि तीच शस्त्रक्रिया झालेली सखी द्यावी. औषध, मात्रा, अहवाल यांवर मत देऊ नये. तो प्रश्न डॉक्टरांसाठी कागदावर लिहून द्यावा. एखादीचा आजार उलटला किंवा ती गेली, तर आधार देणाऱ्या सखीलाही सावरावे लागते, त्यासाठी अनुभवी संस्थांशी संपर्क ठेवावा. आणि पतींनाही विसरू नये. गल्ल्यावर बसून हसतमुखाने हिशेब करणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे त्याच प्रसंगातून गेलेला दुसरा व्यापारी ओळखू शकतो.

संघात दरवर्षी तपस्वींचे बहुमान होतात. उपचारांचे कठीण महिने समतेने पार पाडून दुसरीच्या दारी जाणाऱ्या भगिनीला बहुमानाची अपेक्षा नसते. तिने केवळ ‘मलाही झाला होता’ एवढे मोकळेपणाने म्हणावे, आणि ते ऐकून कोणी कुजबुज करू नये, एवढे वातावरण निर्माण करणे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे.