लवळ्याचं मुलींचं मेडिकल कॉलेज: तिथं आपल्याला तपासतं कोण?



लवळ्याच्या कॉलेजबद्दल गटांच्या बैठकीत दोन गोष्टी हमखास कानावर येतात. एक, "तिथं सगळ्या बायाच डॉक्टर." दुसरी, "तिथं पोरी आपल्यावर हात साफ करतात." दोन्ही अर्धवट आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळशी तालुक्यातल्या लवळे गावात सिम्बायोसिसनं २०२० मध्ये हे खासगी कॉलेज सुरू केलं. एमबीबीएसला प्रवेश फक्त मुलींना. पण कॉलेज मुलींचं असलं तरी दवाखाना सगळ्यांचा. पुरुष पेशंट येतात, शिकवणाऱ्या डॉक्टरांमध्येही पुरुष आहेत. अंग बाहेर येणं, पांढरं जाणं असे त्रास आपण लाजेपायी वर्षानुवर्षं अंगावर काढतो. बाई डॉक्टरच हवी असेल तर केस पेपर काढतानाच तसं सांगा. आणि पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर खोलीत बाई कर्मचारी हवी, हा आपला हक्क आहे. मागायला संकोच कसला?

आता हात साफ करण्याचं. डॉक्टरकी नुसत्या पुस्तकातून येत नाही, म्हणून प्रत्येक मेडिकल कॉलेजला स्वतःचा दवाखाना लागतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे वर्षाला १५० विद्यार्थी घ्यायचे तर किमान ६०५ खाटा हव्यात, आणि त्या बहुतेक भरलेल्याही हव्यात. अशी कॉलेजं गावोगाव शिबिरं घेतात, दर कमी ठेवतात, त्याचं एक कारण हे. आपण जातो तेव्हा कुणी उपकार करत नसतं. त्यांनाही आपली गरज असते.

खाटेभोवती पाच-सहा जणी उभ्या दिसल्या तर घाबरू नका. पांढरा कोट घातलेली प्रत्येक जण सारखी नसते. विद्यार्थिनी विचारपूस करते, शिकते. औषध ती ठरवत नाही. साडेचार वर्षं शिकून झाल्यावर वर्षभर काम करते ती इंटर्न. निवासी डॉक्टर एमबीबीएस होऊन पुढचं शिकत असतात, रात्री-अपरात्री वॉर्डात तेच भेटतात. या सगळ्यांच्या वर मोठे डॉक्टर. "माझे मुख्य डॉक्टर कोण?" हे नाव विचारून कागदावर लिहून घ्या. विद्यार्थिनींनी तपासायला नको असेल तर नाही म्हणा. त्यापायी उपचार थांबवता येत नाहीत. सहीचा कागद मराठीत समजावून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण प्रत्येक दवाखाना आणि प्रत्येक आजार त्यात बसत नाही. निघण्याआधी १५५३८८ वर विचारा. रेशन कार्ड, आधार कार्ड जवळ ठेवा.

अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेलं माणूस घेऊन मात्र लवळ्याची वाट धरू नका. १०८ ला फोन, आणि जवळचं असेल ते गाठा: मंचरचं उपजिल्हा रुग्णालय नाहीतर नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय.

लेकीला डॉक्टर करायचंय, असंही काही जणी विचारतात. छानच! आनंदीबाई जोशींना १८८६ साली बायकांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर व्हायला अमेरिकेत जावं लागलं, आपल्याला तसं कॉलेज जिल्ह्यातच आहे. पण फीचा हिशोब आधी करा. हे अभिमत विद्यापीठाचं कॉलेज, फी लाखांत. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना राज्य सरकारनं २०२४ पासून दिलेली फीमाफी अभिमत विद्यापीठांना लागू नाही. त्यामुळे फॉर्म भरताना ससूनच्या बी. जे. सारखी सरकारी कॉलेजं आधी टाका. प्रवेश कुठंही असो, नीटच्या गुणांवर आणि सरकारी ऑनलाइन फेरीतूनच होतो. "सीट पक्की करून देतो" म्हणत कुणी ॲडव्हान्स मागितला, तर गटाचं कर्ज उचलून त्याच्या हातात देऊ नका. आधी बैठकीत विषय काढा, मी येते, आपण मिळून कागद बघू.